न हलणारा आकडा

४ सप्टेंबर

मामा,

तब्येत, हवापाणी सगळं शेवटी. आधी कामाचं.

आज तुझ्याशिवायचा पहिला सोमवार. फोन केला असता, पण एकतीस वर्षं पोहण्याच्या तलावाच्या त्या पंपाशेजारी बसून तू कान घालवलेस, आणि मोबाइलवर लिहावं तर पडद्याला बोट लावलं की भलतंच उघडतं म्हणून तू तो कपाटात टाकलायस. तेव्हा आता पत्रं. पोस्टात चार दिवस जातात म्हणे. चार दिवस मी काय श्वास रोखून बसू?

पावणेसहाला पंपाची खोली उघडली. तुझी खुर्ची तशीच आहे, पाठीला दोरी बांधलेली. भिंतीवर तुझा फोटो आणि त्याखाली ‘एकतीस वर्षांची निष्ठावंत सेवा’ ही पाटी. फोटोत तू इतका रागावून बघतोयस की मी येताजाता नमस्कारच करते. पॅनेलवर पीएच ७.४० होता, अगदी पुस्तकात लिहितात तसा. ॲसिड आपोआप सोडणारं ऑटोचं बटण मात्र बंद होतं. निघताना चुकून दाबलं गेलं असेल तुझ्याकडून. मी चालू केलं.

मग सोमवारचं काम. सेन्सर काढला, स्वच्छ पाण्याने धुतला, कागदाने नुसता टिपला (घासला नाही, शपथ), सातच्या बाटलीत बुडवला आणि पॅनेलला सांगितलं, बाबा रे, याला सात म्हणायचं. कोर्समध्ये आम्हाला ठरलेल्या पीएचच्या द्रावणाच्या दोन बाटल्या लागतात असं शिकवलंय, एक सातची आणि एक चारची. तुझ्या फडताळात चारची आहे, पण तिचं सीलच फोडलेलं नाही आणि तारीख गेल्या महिन्यात उलटून गेलीय. नवी मागवू का? सेन्सर परत जागेवर बसवल्यावर तलावाचं पाणीही ७.०० दाखवतंय. सकाळी ७.४० होतं. पण आत्ताच जुळवलाय, म्हणजे हाच आकडा खरा धरायचा ना?

आई सहाच्या ठोक्याला हजर. हातात काठी, डोक्यावर ती जांभळी टोपी. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलंय, तर ही शर्यतीला निघाल्यासारखी येते. तिची जागा ठरलेली. कोपऱ्यात, जिथून आपल्या खोलीतलं पाणी झोताने तलावात परत जातं, त्या तोंडाशी. गुडघ्याला तो झोत बरा वाटतो म्हणे.

माझे परीक्षेचे तीन महिने आजपासून सुरू. मॅनेजरबाई दोनदा डोकावून गेल्या. मामा, ही नोकरी मला फार हवी आहे. गेली तर पुढे काय करायचं ते मला खरंच माहीत नाही. चुकलं तिथे रागव, पण लगेच रागव.

तू कसा आहेस?

तुझी भिंगरी


९ सप्टेंबर

भिंगरे,

अक्षराला हसू नकोस. इथलं टेबल हलतं. तुझ्या दादाला दोनदा सांगितलं, तो म्हणतो, ठीक तर आहे.

मी ठणठणीत. चौथा मजला, खिडकीतून खाली गाड्या उभ्या केलेल्या दिसतात. सूनबाई वेळेवर वाढते, टीव्ही लावून देते. पण पाचला जाग येतेच. बूट घालतो, दारापर्यंत जातो आणि आठवतं की कुठे जायचंच नाहीये. परवा जिना चार वेळा चढलो-उतरलो. वॉचमनला वाटलं, म्हाताऱ्याचं काही हरवलंय.

आता नीट वाच. ऑटो बंद कर. मी बंद ठेवलं होतं ते चुकून नाही. मला ते आवडत नाही, एवढं कारण पुरे. दर तासाला नळीत पाणी घे, लाल औषधाचे पाच थेंब टाक, रंग तक्त्याशी ताडून बघ, आणि नळी जो आकडा सांगेल तोच पॅनेलला सांग. पॅनेलने नळीचं ऐकायचं. मी तसंच करायचो. चारची बाटली मागवू नकोस. नव्या माणसाने आल्या आल्या मागण्या करत बसू नये.

सेन्सर बाहेर काढलास तर सुकू देऊ नकोस. टोपीत ते खारं द्रावण घालून तीच चढव, साधं पाणी नाही. चुना बसला तर पातळ ॲसिडमध्ये दोन मिनिटं, अंगाचं तेल बसलं तर भांड्यांचा साबण. आणि त्या स्टीलच्या बेसिनपासून लांब धर. दोन्ही हातांनी धर. काच आहे ती.

रोजचे आकडे लिही. आठवड्याचे एकदम नकोत, रोजचे.

ताईला म्हणावं झोतासमोर उभी राहू नकोस, सर्दी होईल.

मामा


१४ सप्टेंबर

मामा,

तुझं पत्र काल मिळालं आणि मी डोक्याला हात लावला. चार दिवस आधी आलं असतं तर बरं झालं असतं.

पाणी गढूळलंय. गेल्या गुरुवारपासून. आधी मला वाटलं माझाच चष्मा खराब आहे. शनिवारी सकाळच्या मुली डोळे चोळत बाहेर आल्या आणि त्यांची कोच शिट्टी तोंडात धरूनच माझ्याकडे आली. ती शिट्टी काढून बोलली असती तर मला कमी भीती वाटली असती. आई म्हणाली, मला काही होत नाही, मी डोळे मिटूनच चालते, तुझ्या मामाला सर्दीची काळजी असेल तर त्याने स्वेटर पाठवावा.

खरं सांगते, तू दर तासाला नळी घ्यायचास ते मी बघितलं होतं, पण म्हातारपणाची सवय म्हणून सोडून दिलं. समोर पॅनेल असताना थेंब कशाला मोजायचे? काल तुझं पत्र वाचून नळी घेतली. रंग तक्त्याच्या बाहेर गेला. लाल नाही, जांभळाच. म्हणजे ८.२ किंवा त्याहून वर. आणि पॅनेल? ७.००. शांतपणे ७.००, सोमवारपासून एक काटाही हललेला नाही. रोजचे आकडे हवे होते ना तुला? घे. ७.००, ७.००, ७.००, ७.००, ७.००. इतका गुणी आकडा मी आयुष्यात बघितला नाही.

मला हे कळतं की क्लोरीन पडत राहतं तसा पीएच वर चढतो, आणि चढला की पॅनेलने ॲसिडचा पंप चालवून तो खाली आणायचा. पॅनेलला चढलेला दिसतच नसेल तर ते बिचारं काय करणार? पण का दिसत नाही? सेन्सर धुतला, साबण झाला, ॲसिड झालं. दोन्ही हातांनी, बेसिनपासून लांब. सगळं तुझ्या शब्दाबाहेर न जाता.

कोणावर विश्वास ठेवू, नळीवर की पॅनेलवर? आणि का?

सोबत जाड कार्डाची घडी पाठवतेय. टेबलाच्या आखूड पायाखाली घाल. तुझं अक्षर वाचताना मलाच गाडीत बसल्यासारखं होतं.

भिंगरी


१८ सप्टेंबर

भिंगरे,

नळीवर. कायम नळीवर.

पॅनेलला ८.२ सांगून टाक. मग ऑटो बंद ठेवून हाताने ॲसिड दे. बादलीत आधी पाणी, त्यात ॲसिडचा एक मग. उलटं कधीच नाही. खोल बाजूच्या कडेने फिरत फिरत ओत, पाण्यात कोणी नसताना. तासभर थांब, नळी बघ. पुन्हा एक मग. घाई करू नकोस, दोन दिवसांत ७.४ वर येईल. आलं की पॅनेलला ७.४ सांग, म्हणजे बाईंना दिसायला बरं.

का, का म्हणून विचारू नकोस. तू चार वर्षांची होतीस तेव्हाही हेच करायचीस, पंप का आवाज करतो, पाणी का फिरतं, मामा का ओरडतो. काही गोष्टी सांगितल्या तशा करायच्या असतात.

ऑटो बंद. हे तिसऱ्यांदा लिहितोय असं समज.

कार्ड मिळालं, पायाखाली घातलं. टेबल अजून हलतंच.

इथे मला बसवत नाही. सूनबाईच्या स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी ग्लासात धरून खिडकीशी बघत होतो, तिने विचारलं, काही पडलंय का. म्हटलं, नाही, सवय. ताई झोतासमोरून हलली का ते लिही.

मी ठणठणीत.

मामा


२२ सप्टेंबर

मामा,

पाणी निवळतंय. तुझं पत्र या वेळी दोनच दिवसांत पोचलं, आणि तू सांगितलंस तसंच केलं. पॅनेलला ८.२ सांगितलं, दोन दिवस ॲसिडचे मग मोजत फिरले, आणि आज दुपारी नळी ७.६ वर आली. कोचने शिट्टी बाजूला करून ‘बरं दिसतंय’ म्हटलं. मला तिथेच नाचावंसं वाटलं.

फक्त पॅनेल अजून ८.२० वरच आहे. सेन्सर म्हातारा झालाय, हळू वाचत असेल, असं मी धरून चालले. संध्याकाळी शेवटचं पाणी बघून त्याला ७.४ सांगणारच होते, तेवढ्यात मॅनेजरबाई आल्या. माझ्या हातात ॲसिडचा मग, अंगावर तुझा तो भोकं पडलेला ॲप्रन. त्यांचा चेहरा बघायला हवा होतास. हाताने ॲसिड ओतायला इथे मनाई आहे, तुला कोणी सांगितलं, उद्या अंगावर सांडलं तर कोण जबाबदार, यंत्र कशासाठी बसवलंय. मी म्हटलं, मामांनी ऑटो बंद ठेवायला सांगितलंय. त्या म्हणाल्या, का?

मामा, कारण तू मला दिलंच नाहीस. मामांना ते आवडत नाही, असं सांगू? वर त्या पॅनेलकडे बोट दाखवून म्हणाल्या, आठ पॉइंट दोन दिसतोय आणि ॲसिडचा पंप बंद? चालू कर. यंत्र स्वतः खाली आणेल.

त्या समोर उभ्या होत्या. मी चालू केलं. खरं सांगायचं तर थोडं हलकंच वाटलं. तीन दिवसांत पहिल्यांदा मी सातला कुलूप लावून घरी चाललेय, हे पत्र वाटेत पेटीत टाकीन. सकाळपर्यंत पॅनेल बरोबर ७.४ वर आलेलं असेल, बघ तू.

आई तिच्या जागेवरून हलत नाही. म्हणते, सर्दी झालीच तर तुझ्या मामाकडे पाठवून देईन.

भिंगरी


२७ सप्टेंबर

मामा,

काय झालं ते ओळीने लिहिते, म्हणजे माझं डोकं ठिकाणावर राहील.

२३ तारखेला पावणेसहाला खोली उघडली. पॅनेलवर ८.२० होतं. म्हणजे रात्रभरात काहीच फरक नाही, असं वाटलं. मग ॲसिडच्या पिंपाकडे लक्ष गेलं. दोन आठवडे पुरणारं पिंप अर्ध्याच्या खाली होतं. पंप अजून टकटक करत ॲसिड ढकलतच होता. मी नळी घेऊन धावले. थेंब टाकले, रंग आला पिवळा. तक्त्यातला सगळ्यात खालचाही नाही, नुसता फिका पिवळा. तोवर सहा वाजून गेले होते. आई पाण्यात उतरली होती आणि आपल्या जागेवर, झोताच्या तोंडाशी, उभी होती. जिथून ते ॲसिड आधी बाहेर पडतं.

तिने डोळे मिटलेले नव्हते. मला बघून हात करत होती, तेवढ्यात पाण्याची उसळी चेहऱ्यावर आली.

वीस मिनिटं नळाखाली डोळे धुतले. मग दवाखाना. दोन्ही डोळ्यांचा वरचा पडदा भाजलाय. उजवा भरून येईल म्हणतात, डाव्याचं अजून सांगत नाहीत. आणखी दोघींच्या अंगावर लाल चट्टे उठले. तलाव बंद आहे. दहा तारखेपर्यंत मला लेखी खुलासा द्यायचाय. माझी चूक ठरली तर परीक्षा तिथेच संपली.

काल वहिनीचा फोन आला. म्हणाली, मामांना तुझं पत्र मिळालंय, ते ऑटो बंद आहे ना असं पुन्हा पुन्हा विचारतायत, जेवलेले नाहीत. मी म्हटलं, बंद आहे. आईचं काही सांगितलं नाही. फोन ठेवला आणि मला कळेना की एका बटणापायी माणूस जेवण का सोडेल.

मग मी चारची नवी बाटली मिळवली. सेन्सर सातच्या बाटलीत घातला, पॅनेल ८.२०. चारच्या बाटलीत, ८.२०. पाण्यात लिंबू पिळलं, ८.२०. साबणाचं पाणी, ८.२०. माझ्या चहात घातला, तिथेही ८.२०. पुढच्या काचेच्या फुग्यावर भिंग धरलं तर केसाएवढी चीर आहे, कडांना चुना बसलेली. चीर जुनी आहे. चिरलेल्या सेन्सरला काहीच कळत नाही, त्याला जो आकडा सांगाल तो धरून बसतो, हे कोर्सच्या पहिल्याच महिन्यात शिकवतात. दुसऱ्या बाटलीत एकदा बुडवलं की लगेच उघडं पडतं. म्हणून दुसरी बाटली.

तुम्ही ती बाटली कधी फोडली नाहीत. मलाही मागवू दिली नाहीत.

तुम्हाला माहीत होतं का? हो किंवा नाही, एवढंच लिहा.

तुमची भाची


१ ऑक्टोबर

भिंगरे,

हो.

माहीत होतं. गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून. धुताना हातातून निसटला आणि बेसिनच्या कडेला लागला. टिक असा आवाज आला, मला ऐकू येत नाही तरी तो कळला. मीही चारच्या बाटलीत बुडवून बघितला होता, तुझ्यासारखाच. ती बाटली फेकून दिली आणि नवी आणून सील न फोडता ठेवली.

त्याच्या आधी दोन महिन्यांपासून हात कापत होते. एकदा क्लोरीन सांडलं तेव्हा बाईंनी बघितलं आणि म्हणाल्या, काका, आता पुरे करा. तुझा कोर्स संपायला वर्ष होतं. मी तेव्हाच निघालो असतो तर माझ्या जागी दुसरा कोणी आला असता. नवा सेन्सर मागितला असता तर जुना कसा फुटला हे विचारलं असतं. म्हणून गप्प राहिलो. तुझ्यासाठी राहिलो असं मनाला सांगायचो. लाजेपायी राहिलो हेही तितकंच खरं आहे.

अकरा महिने मीच सेन्सर होतो. पाचला यायचो, दर तासाला नळी, दर तासाला मग, आणि पॅनेलला नळीचा आकडा सांगायचो म्हणजे वरून बघणाऱ्याला ७.४ दिसावा. एक दिवस रजा घेतली नाही, ताप असतानाही नाही. लोक त्याला निष्ठा म्हणाले. ती पाटी हातात दिली तेव्हा टाळ्या वाजत होत्या आणि माझं लक्ष घड्याळाकडे, नळीची वेळ टळत होती.

वाटलं होतं, तू आलीस की महिनाभरात सेन्सर खराब झाला म्हणशील, नवा येईल, कोणाला काही कळणार नाही. तोवर तू नळी बघशील असं धरून चाललो. ऑटो बंद कर हे लिहिलं, का ते लिहिलं नाही. एका ओळीचं काम होतं. दोन पत्रांत ती ओळ लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा ताईच्या झोताचं लिहून उठलो. ताईच्या डोळ्यांवर मी ॲसिड टाकलं, तू नाही. मॅनेजरबाईही नाहीत.

टेबल हलत नाही. तुझं कार्ड घातलं तेव्हाही हलत नव्हतं आणि त्याआधीही नव्हतं. हात हलतो.

सोबत बाईंच्या नावाचं वेगळं पत्र आहे. त्यात तारखांसकट सगळं लिहिलंय. ते दे आणि तलावाच्या वहीत चिकटव. माझी अब्रू सांभाळायला म्हणून ते दडवलंस तर मला पुन्हा तोंड दाखवू नकोस.

ताईला काय सांगू ते मला सुचत नाही. तिला विचार, मी काय लिहू.

तू मला ‘तुम्ही’ म्हणालीस. बरोबर केलंस. पण ते पान पुन्हा वाचायला घेतलं की वाचवत नाही.

मामा


१४ ऑक्टोबर

मामा,

तुझं पत्र खिशात घेऊन मी दोन दिवस फिरत होते. देऊ, न देऊ, देऊ. शेवटी तिसऱ्या दिवशी बाईंच्या टेबलावर ठेवलं आणि खिडकीकडे बघत उभी राहिले, कारण त्या वाचत असताना त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, मी त्यांना पुरे करा म्हटलं होतं, का म्हटलं हे मीही कधी नीट सांगितलं नाही.

तुझा फोटो भिंतीवरून उतरवलाय. पाटीही. मी खोटं लिहिणार नाही, मला रडू आलं. भिंतीवर तेवढा चौकोन उजळ राहिलाय, आणि मी अजून येताजाता तिथे बघते.

मी राहिले. परीक्षेचे तीन महिने पहिल्यापासून मोजणार आहेत. माझ्या नावावरही एक ताशेरा आहे, लोक पाण्यात उतरायच्या आधी नळी बघितली नाही म्हणून. तो बरोबर आहे. मी आधी पॅनेल बघितलं, मग पिंप, मग नळी. उलट क्रमाने बघायला हवं होतं. आता दार उघडायच्या आधी नळी बघते, वहीत लिहिते, मगच लोकांना आत सोडते.

नवा सेन्सर आलाय. सातच्या बाटलीत सात, चारच्या बाटलीत चार. तलावात बसवला तर पहिल्या दिवशी मी घाबरले, आकडा एका जागी ठरतच नव्हता. ७.३८, ७.४१, ७.३९. कोणी उडी मारली की हलतो, क्लोरीन पडलं की हलतो. तास दीड तास खुर्चीत बसून बघत होते. मग कळलं की जिवंत असला की असाच असतो. माझ्याने आता स्थिर आकडा बघवत नाही.

आईचा उजवा डोळा बरा आहे. डाव्यावर डाग राहील असं डॉक्टर म्हणतात, धुकं पडल्यासारखं दिसतं तिला. तुझं पत्र मी वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला लावलं. मग माझ्या हातातून घेतलं, घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवलं आणि उठून गेली. त्या दिवसापासून तुझं नाव घरात निघालेलं नाही. मला माहीत नाही, मामा. मी विचारलं, त्याला काय लिहू. ती म्हणाली, तू काही लिहू नकोस.

‘तुम्ही’ लिहिताना मला तीन वेळा खोडावं लागलं होतं, हे तुला कागदावर दिसलं असेल.

हाताला डॉक्टर बघितला का? ठणठणीत असं उत्तर चालणार नाही.

भिंगरी


२५ ऑक्टोबर

धाकट्या,

हे मी स्वतःच्या हाताने लिहितेय, डावा डोळा झाकून. ओळी वर गेल्या असतील तर मान वाकडी करून वाच.

पोरीला तुझं पत्र दोनदा वाचायला लावलं, कारण पहिल्यांदा मला इतका राग आला की शेवट कानात शिरलाच नाही. राग अजून आहे. तुला वाटत असेल, डोळ्यासाठी. थोडा आहेच, डोळा माझा आहे. पण बाकीचा कशासाठी आहे ते ऐक. वर्षभर तू रोज सकाळी पाण्याच्या काठाशी येऊन विचारायचास, ताई, गुडघा कसा आहे. आणि मी सांगायची, इथे दुखतं, तिथे ठणकतं, जिना चढवत नाही. मग मी विचारायची, तू कसा आहेस. तू म्हणायचास, ठणठणीत. दोन्ही हात खिशात घालून. मला वाटायचं, याला थंडी वाजतेय. माझं सगळं दुखणं तू ऐकून घेतलंस आणि स्वतःचं एक बोट दाखवलं नाहीस.

सोमवारी मी पाण्यात उतरले. डॉक्टर हो म्हणाले. पोरगी म्हणाली, आई, झोतापासून लांब उभी राहा. मी म्हटलं, माझी जागा मी सोडणार नाही, तू तुझं काम नीट कर. तिने नळी आणून माझ्यासमोर धरली. मला रंग काही नीट दिसला नाही. तर तिने तो बोलून सांगितला, केशरी-लाल, सात पॉइंट चार, आणि मग माझ्याआधी स्वतः पाण्यात उतरून तिथे उभी राहिली.

भिंतीवरचा तो चौकोन मी बघितला. तिथे पोरीने नळीच्या रंगांचा तक्ता लावलाय.

तू इकडे ये. तुला नीट लिहिता येत नाही, मला नीट वाचता येत नाही, आणि बोलायचं म्हटलं तर तुला ऐकू येत नाही. तरी ये. काठावर बस आणि हात खिशाबाहेर ठेव, मला बघायचेत.

येईपर्यंत पत्र पाठव. अक्षर कसंही चालेल. फक्त टेबलाचं नाव काढलंस तर न वाचता परत पाठवीन.

तुझी ताई